ज्या दिवशी आईने चूक काढली नाही

माझ्या आईने आयुष्यभर मराठी शिकवलं. साताऱ्याकडच्या एका लहानशा गावातल्या शाळेत ती बाई होती. निवृत्त झाली, पुढे बाबा गेले, आणि काही वर्षं एकटीने काढल्यावर ती आमच्याकडे दिल्लीला, द्वारका या उपनगरात राहायला आली. मी तिला किती तरी वेळा बोलावलं होतं, पण आली ती तिच्या मनाने. फोनवर एवढंच म्हणाली की आता जिने चढायचा कंटाळा येतो, आणि तुमच्याकडे लिफ्ट आहे.

मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सकाळी कंपनीची बस त्याला आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरून घेऊन जाते आणि अंधार पडताना आणून सोडते. मुलगी तेव्हा सहावीत होती. जन्मल्यापासून दिल्लीतच वाढलेली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ते कसं, हे आई आल्यावर आम्हाला कळलं. माझी मुलगी "मला भूक लागला" म्हणायची, "पंखा चालव" म्हणायची, "माझी पेन हरवून गेली" म्हणायची. मला ते कधी खटकलंच नव्हतं, कारण मीही दिवसभर ऑफिसात हिंदी बोलून घरी आले की अर्धी वाक्यं हिंदीतच सुरू करायचे.

आईला मात्र राहवत नसे. ती रागवायची नाही. नुसतं बरोबर वाक्य सावकाश म्हणून दाखवायची आणि समोरच्याने ते पुन्हा म्हणेपर्यंत वाट बघायची. "भूक लागली." मग मुलगी म्हणायची, "हां आजी, लागली, लागली." सोसायटीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत लावलेल्या फलकावर "हार्दीक स्वागत" असं लिहिलं होतं, तेव्हा आईने खुर्ची मागवली, वर चढली आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून ती "दी" ऱ्हस्व केली. आमच्या घरात तिने फक्त एकाच माणसाची चूक कधी काढली नाही, ती म्हणजे जावयाची. जावई कसाही बोलला तरी ती ऐकून घ्यायची. फार असह्य झालं तर माझ्याकडे बघायची.

आई दिल्लीत चांगली रमली. थंडीत खालच्या बागेत ऊन खात बसणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तिला जागा मिळाली. तिचं हिंदी मोडकंतोडकं, पण तिला त्याची लाज नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंशी तिची विशेष गट्टी जमली. काकू तिला मेथी निवडायला बोलवायच्या आणि दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलायच्या.

मार्चच्या शेवटी एका रविवारी आम्ही पानिपतला गेलो. आईची ती जुनी इच्छा होती. मराठी माणूस दिल्लीला राहायला आला की कधी ना कधी पानिपतला जातोच, तसे आम्हीही इतक्या वर्षांत दोनदा पाहुण्यांना घेऊन जाऊन आलो होतो. नवऱ्याने गाडी काढली. ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. आई स्मारकापाशी बराच वेळ उभी राहिली. मग बाजारात जाऊन तिने दोन पलंगपोस घेतले, दुकानदाराशी घासाघीस केली, आणि येताना ढाब्यावर आम्ही जेवलो. दिवस छान गेला. एवढंच की त्या अख्ख्या दिवसात आई जवळजवळ पाणीच प्यायली नाही. मी बाटली पुढे केली की ती नुसते ओठ ओले करायची. वाटेतल्या स्वच्छतागृहांची तिला किळस होती. लांबच्या प्रवासात पाणी प्यायचंच नाही, म्हणजे जायला लागत नाही, हा तिचा तरुणपणापासूनचा नियम. तिच्या शाळेत बायकांसाठी वेगळी सोय नव्हती, तेव्हा लागलेली सवय. तिच्या पिढीतल्या किती तरी बायकांना ती आहे.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी तिला लघवीला जळजळ व्हायला लागली. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा तिने कोणालाच सांगितलं नाही. धन्याजिऱ्याचं पाणी करून प्यायली, उन्हाळी लागली असेल म्हणून सोडून दिलं. एकदा मी विचारलं की आज जेवण का गेलं नाही, तर म्हणाली, दमलेय थोडी.

त्यानंतरची ती सकाळ. नवरा बस पकडायला गेला होता. मी डबे भरत होते. मुलगी शाळेचा गणवेश घालून आजीच्या खोलीत डोकावून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, आजी मला टोकत नाहीये."

मी म्हटलं, बरं आहे ना मग. ती हलली नाही. म्हणाली की तिने आजीला सांगितलं, मी दूध पिऊन घेतला, तरी आजी काही बोलली नाही. मग तिने मुद्दाम म्हटलं, मला भूक लागला. तरीही नाही. आजी तिच्याकडे बघत होती, पण ओळख नसल्यासारखी.

मी हात पुसत आत गेले. आई पलंगाच्या कडेवर बसली होती. एप्रिल लागला होता, पंखे सुरू झाले होते, आणि तिच्या अंगात हिवाळ्यातला स्वेटर होता. त्याची बटणं खालीवर लागली होती. ती थडथडत होती आणि भराभर श्वास घेत होती, जणू आत्ताच जिना चढून आलीय. मला बघून तिने विचारलं की घंटा झाली का. मग मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

मी तिचे हात हातात घेतले. थंडगार होते. नखं निळसर दिसत होती. मी थर्मामीटर लावला आणि तिथे मी थोडी चकले, कारण ताप नव्हता. उलट अंग नेहमीपेक्षा गार होतं. ताप नाही म्हटल्यावर क्षणभर वाटलं की अशक्तपणाने झालं असेल, साखर घातलेलं लिंबूपाणी द्यावं, झोपू द्यावं, संध्याकाळपर्यंत बघावं. मी तसं म्हटलंही. पण मुलगी दारातच उभी होती आणि ती नाही म्हणाली. एवढंच म्हणत राहिली, "नाही आई, ही आजी अशी नाहीये." शाळेची बस खाली येऊन, भोंगा वाजवून निघून गेली, तरी ती जागची हलली नाही.

मी नवऱ्याला फोन केला. तो बसमध्येच होता, महामार्गावर पोचला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की माझी वाट बघू नकोस, मी उलट फिरतो, तू आत्ता ने. मी खाली काकूंचं दार वाजवलं. काकूंनी काही विचारलं नाही, गाडीची किल्ली उचलली. आम्ही दोघींनी आईला दोन्ही बाजूंनी धरून लिफ्टमध्ये घातलं. मुलगी स्वतःच मागे गाडीत बसली आणि तिने आजीचं डोकं मांडीवर घेतलं.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी काय झालं विचारलं. मला नीट सांगता येईना. ताप नाही, उलटी नाही, कुठे पडली नाही. शेवटी मी म्हटलं की ही नेहमीसारखी नाही, ही कोणाचीही बोलण्यातली चूक सोडत नाही, आणि आज सकाळपासून तिला काही कळत नाहीये. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. हे कधीपासून, असं त्यांनी लगेच विचारलं, आणि बोलता बोलता आईचा रक्तदाब घेतला. तो फार खाली होता. मग त्यांनी एकामागून एक विचारलं: खोकला आहे का, कुठे जखम आहे का, मधुमेह आहे का, लघवीला त्रास होतोय का, शेवटची लघवी कधी झाली. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी आईच्या कानाशी वाकून विचारलं, तेव्हा ती बारीक आवाजात म्हणाली, "जळजळ होते गं. सांगायचं का ते सगळ्यांना?"

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. दोन्ही दंडांतून रक्त काढलं, ते वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. लघवीसाठी नळी घातली, लघवीही तपासायला गेली. त्यापाठोपाठ लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, सलाइन धो धो चालू झालं. पोटाची सोनोग्राफी झाली, मूत्रमार्गात खडा अडकून वाट बंद झालीय का ते बघायला. तसं काही नव्हतं. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे सेप्सिस वाटतंय.

मला तो शब्द अर्धवट माहीत होता. आमच्या लहानपणी गुडघा फुटला की मोठी माणसं म्हणायची, माती जाऊ देऊ नकोस, सेप्टिक होईल. म्हणजे जखम चिघळणं, पू होणं, अशी माझी समजूत. मी म्हटलं, पण हिला जखम कुठे आहे? डॉक्टरबाईंनी हिंदीत, अगदी सावकाश समजावलं. जंतूंचा संसर्ग कुठेही होऊ शकतो, फुप्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात, कातडीवर. एरवी शरीर त्याच्याशी लढतं आणि माणूस बरा होतो. पण कधी कधी ही लढाई हाताबाहेर जाते. शरीराचा प्रतिकार इतका बेफाम होतो की तो स्वतःच्याच अवयवांना इजा करायला लागतो. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं काम थांबवतात, मेंदूला नीट रक्त मिळत नाही म्हणून माणूस बरळायला लागतो. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असं नाही, पुष्कळदा असं बरळणं हेच पहिलं लक्षण असतं. मग त्या म्हणाल्या:

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी आज तुमच्याशी असं बोलू शकले नसते. कोणाच्या लक्षात आलं हे?"

मी बाकावर बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती गणवेशातच होती, आणि काकू तिला बळेबळे बिस्किट खायला लावत होत्या.

सलाइनने रक्तदाब पुरेसा वर आला नाही, म्हणून आईला अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे रक्तदाब वाढवणारं औषध एका यंत्रातून थेंबाथेंबाने सुरू केलं, नाकाला ऑक्सिजन लावला. श्वासाचं यंत्र लावावं लागेल का, हे त्या दिवशी नक्की नव्हतं. नवऱ्याने येऊन कागदांवर सह्या केल्या. पण ते लावावं लागलं नाही. डायलिसिसही करावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले की औषध वेळेत पोचलं.

आम्हाला दिवसातून थोडाच वेळ आत सोडत. आई अर्धवट गुंगीत असायची. अतिदक्षता विभाग म्हणजे तिला आपली शाळा वाटत होती. परिचारिकेला ती वर्गातली मॉनिटर समजत होती आणि मागच्या बाकावरची मुलं गोंगाट करताहेत अशी तक्रार करत होती. गोंगाट म्हणजे यंत्रांचा आवाज. त्या परिचारिका केरळच्या होत्या, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण आई बोलली की त्या मान हलवून "हां अम्मा, मैं बोलती हूँ उनको" म्हणायच्या आणि आई शांत व्हायची.

त्या दिवसांत आमच्या घरात एक विचित्र विषय सगळ्यात महत्त्वाचा झाला, तो म्हणजे लघवी. मूत्रपिंडं सुधारताहेत की नाही ते त्यावरून कळणार होतं. नवरा कारखान्यातून फोन करायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "किती झाली?" आजूबाजूला माणसं असतील, मशिनं चालू असतील, त्याला काही वाटत नसे. मी वाढलेला आकडा सांगितला की तो मोठ्याने "शाब्बास" म्हणायचा. काकूंनाही मी रोज कळवायचे आणि त्या गुरुद्वाऱ्यात जाऊन यायच्या.

रक्ताचा आणि लघवीचा अहवाल आला. दोन्हींत एकच जंतू सापडला. त्याच्यावर नेमकं कोणतं औषध चालतं तेही कळलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिलं मोठ्या आवाक्याचं अँटिबायोटिक बंद करून नेमकं औषध सुरू केलं. मला त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की हिने अलीकडे दुकानातून आणून कसल्या गोळ्या घेतल्या होत्या का. घेतल्या नव्हत्या. ते बरं झालं, म्हणाले. लोक सर्दीला, अंगदुखीला उगीच अँटिबायोटिक खातात, अर्धी पट्टी उरवतात, पुढच्या वेळी तीच खातात, आणि मग खरी गरज पडते तेव्हा जंतू दाद देत नाहीत. मी हो हो केलं, आणि घरी आल्यावर औषधांचा डबा उघडून तसल्या उरलेल्या तीन वेगवेगळ्या पट्ट्या बाहेर काढल्या.

रक्तदाबाचं औषध हळूहळू कमी करत बंद झालं आणि आईला साध्या वॉर्डात आणलं. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो होतो. ती डोळे मिटून पडली होती, जागी आहे की झोपली आहे कळत नव्हतं. नवरा मला हळू आवाजात सांगत होता, "डॉक्टर बोलले की उद्या नळी काढतील."

आईने डोळे न उघडता म्हटलं, "बोलले नव्हे. म्हणाले."

तिचा आवाज अगदी चिरका होता, पण शब्द स्वच्छ होते. इतक्या वर्षांत तिने जावयाची पहिल्यांदा चूक काढली होती. नवरा उठून पलंगाजवळ गेला आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहून म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, आई." तिने मान हलवली. मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं. नवऱ्याने ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना सांगितली, कारखान्यातल्या हरियाणवी सहकाऱ्यांनासुद्धा, ज्यांना बोलणं आणि म्हणणं यातला फरक समजावून सांगताना त्याचीच पुरेवाट झाली.

आई घरी आली तेव्हा आम्हाला वाटलं की झालं, संपलं. तसं नव्हतं. इस्पितळातले दिवस एका अर्थी सोपे होते, कारण तिथे सगळं दुसरे लोक करत होते. घरी आल्यावर आईला उशीवरून उठून बसायलाही कोणाचा तरी हात लागायचा. न्हाणीघरात जाऊन आली की ती घामाघूम व्हायची. पुढे तिचे केस गळायला लागले. कंगव्यात गुंते यायचे. झोपेत दचकून उठायची, म्हणायची की कोणी तरी मला बांधून ठेवलंय. कारण नसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग रडल्याचा तिलाच राग यायचा.

पण तिला सगळ्यात जास्त घाबरवलं ते शब्दांनी. तिला शब्द आठवेनात. अवघड शब्द नव्हेत, घरातले, रोजचे. एकदा ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मला काही तरी मागत होती, हाताने दाखवत होती, "ते दे गं, ते कापायचं, खाली बसून कापतात ते." मला कळलं होतं तिला काय हवंय, पण मी बोलायच्या आत मुलगी म्हणाली:

"विळी, आजी."

विळी आमच्या घरात आईच घेऊन आली होती आणि मुलीला हा शब्द तिनेच शिकवला होता. आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हां. विळी." आणि पुन्हा एकदा स्वतःशी, "विळी."

मला वाटलं आईला वाईट वाटेल. थोडं वाटलंही असेल. पण त्या दिवसापासून त्या दोघींचं एक सुरू झालं. आई अडली की मुलीकडे बघायची आणि मुलगी शब्द पुढे करायची. परात. उंबरठा. कोनाडा. कधी मुलीलाही माहीत नसायचा, मग दोघी मिळून त्याच्या आसपासचं काही तरी बोलत राहायच्या आणि जेवताना मध्येच आई एकदम तो शब्द म्हणून टाकायची. मे महिन्याच्या सुटीत आम्ही कुठे गेलो नाही. बाहेर लू वाहत होती, खिडक्यांना पडदे, कूलरची घरघर, आणि त्या दोघी जमिनीवर गादी टाकून दुपारभर हेच करत असायच्या. मी शनिवारी घरी असले की आतल्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकत पडायचे. त्या उन्हाळ्याइतकं स्वस्थ मला नंतर क्वचितच वाटलं असेल.

तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना या विसरण्याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की सेप्सिसमधून उठलेल्या पुष्कळ लोकांना असं होतं. थकवा, विसर, वाईट स्वप्नं, उदासी, केस गळणं. काही महिने जातात, कधी त्याहून जास्त. काही जण पूर्ण पहिल्यासारखे होतात, काही होत नाहीत. घाई करू नका, रोज थोडं चालवा, बोलतं ठेवा. आणि पुन्हा लक्षणं दिसली तर या वेळेसारखंच लगेच या, कारण एकदा झालेल्या माणसाला पुन्हा व्हायचा धोका जास्त असतो. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितली. भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि लघवी तुंबवायची नाही असं आईकडे बघून बजावलं. आई म्हणाली, "कळलं, डॉक्टर." मग बाहेर आल्यावर मला म्हणाली की या वयात मला कोणी तरी शू करायला शिकवतंय.

तिचं चालणं गॅलरीपासून सुरू झालं. मग घराच्या दारापर्यंत, मग लिफ्टपर्यंत. पावसाळा सरता सरता ती काकूंचा हात धरून बागेत उतरली. घोळक्यातल्या बायकांनी तिला मधोमध बसवलं आणि काय झालं होतं ते विचारलं.

मला वाटलं होतं की ती टाळेल. जिने जळजळ सख्ख्या मुलीला सांगितली नव्हती, ती बागेत दहा बायकांसमोर काय बोलणार? पण तिने सगळं सांगितलं. तिच्या त्या हिंदीत, लिंगं-वचनं सगळी उलटीपालटी करत. लघवीला जळजळ झाली तर लपवू नका, म्हणाली. जखम झाली तर धुऊन झाका, लाल होऊन पसरायला लागली तर दाखवा. ताप असो की अंग गार पडो, श्वास भराभर होत असेल, बोलणं बरळल्यासारखं होत असेल, लघवी कमी झाली असेल, कातडीवर चट्टे दिसत असतील, तर घरात बसू नका. इस्पितळात जा आणि स्वतःहून विचारा की हे सेप्सिस तर नाही ना. तो शब्द तिने त्यांच्याकडून म्हणून घेतला, प्रत्येकीकडून, बरोबर येईपर्यंत. एकीने "सेप्सी" म्हटलं, तिला दोनदा म्हणायला लावलं.

काकूंच्या यजमानांना मधुमेह आहे. त्यांच्या पायाला नव्या बुटाने घासून फोड आला होता, ते हळद लावून बसले होते. काकूंनी त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. फोड साधाच निघाला, मलमपट्टी करून परत पाठवलं. काकांनी आईला जाता येता ऐकवलं की तुमच्यामुळे माझा एक दिवस वाया गेला. आई म्हणाली, "जाने दो, अच्छा हुआ." त्यांना दर आठवड्याला पाय बघायला लावते ती अजून.

घरातही बदल झाले, पण त्याची आता सवय झालीय. आईच्या पिशवीत पाण्याची बाटली असते आणि ती रिकामी करूनच ती परत येते. कुठे जायचं असलं की तिथे स्वच्छतागृह कसं आहे हे ती आधी विचारते, मोठ्याने, लग्नाच्या आमंत्रणातसुद्धा. मुलगी सुरुवातीला लाजायची, आता तीच फोनवर शोधून सांगते. स्वतःच्या शाळेत मुली पाणी पीत नाहीत हे तिनेच एकदा आम्हाला सांगितलं. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी बाईंना जाऊन सांगितलं आणि स्वच्छतागृहांच्या दारांच्या मोडलेल्या कड्या दुरुस्त करून घेतल्या.

आईचे केस परत आले, पूर्वीपेक्षा विरळ. शब्दही बहुतेक आले. काही नाही आले. जिना ती अजून एकटीने चढत नाही, आणि संध्याकाळी लवकर थकते. तिचं म्हणणं असं की या वयात एवढं चालायचंच, त्यात आजाराचं किती आणि वयाचं किती हे कोण वेगळं करणार.

या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मेट्रोने चार-पाच स्टेशनं पुढे राहणाऱ्या एका मराठी बाईंकडे. त्या नवरा नसलेल्या बायकांनाही मुद्दाम बोलावून कुंकू लावतात. मला ऑफिस होतं. आई म्हणाली की मी काकूंबरोबर जाते. मी सतरा सूचना दिल्या, तिने ऐकून घेतल्या. दिवसभर ऑफिसात मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तिने उचलला नाही, आणि तिसऱ्यांदा काकूंनी उचलून सांगितलं की तुझी आई तिळगूळ वाटतेय, हात रिकामा नाही.

संध्याकाळी मी घरी येताना आमच्याच स्टेशनवर उतरले. धुकं खाली यायला लागलं होतं. बाहेर शकरकंदीवाल्याच्या हातगाडीशी त्या दोघी उभ्या होत्या. शेगडीवर रताळी भाजत होती, त्यांचा धूर वर जात होता. आई शाल डोक्यावरून घेऊन, काडीने एकेक फोड तोंडात टाकत होती, आणि काकू तिला सांगत होत्या की लिंबू अजून पिळून घे. आईच्या कपाळावर हळदीकुंकू होतं, हातात वाणाची पिशवी. पिशवीत प्लास्टिकचे डबे होते, नेहमीसारखे.

मला बघून तिने हात वर केला नाही की हाक मारली नाही. हातगाडीवाल्याकडे वळली आणि माझ्यासाठी आणखी एक द्रोण सांगितला, मसाला जास्त घालून. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. रताळं गरम होतं, बोटं भाजत होती. आम्ही तिघी खात राहिलो.